हेर्लेकरांचे पाय, माझे गुडघे

शेजारचा उमाकांत हेर्लेकर सायकलने ऑफिसला जाऊ लागला तेव्हापासून त्याच्या व्यायामाचं फळ मला मिळतं. त्याचं पोट होतं तिथंच राहिलं, वजन माझं उतरलं. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आता कुणी थांबून विचारत नाही.

झालं ते सायकलच्या पूजेत. उमाकांत पाटबंधारे खात्यात आहे. खुर्चीत बसून बसून शुगर वाढली, म्हणून त्यानं सायकल घेतली. सायकलच्या पूजेला कुणी गुरुजी बोलावत नाही, पण त्याच्या बायकोनं, सुलेखानं, बोलावले. भाटे गुरुजींनी उमाकांतच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि विचारलं, "नाव, गोत्र?" उमाकांतला गोत्र आठवेना. तो छताकडे बघत राहिला, पाणी बोटांतून गळायला लागलं.

"लवकर सांगा कुणीतरी, राहुकाळ लागतोय," गुरुजी म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझं गोत्र मला पाठ आहे. मी सांगितलं. पाठोपाठ नावही सांगितलं, अर्धवट कशाला ठेवायचं? गुरुजींनी माझ्या आरोग्यासाठी संकल्प म्हटला, उमाकांतनं पाणी ताम्हनात सोडलं, नारळ फुटला, पेढे वाटले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

पुढे एकदा मी कठडा न धरता गच्चीवर गेले, पापड वाळत घातले, खाली आले आणि मग मला आठवलं की माझे गुडघे दुखतात.

त्याच सुमारास उमाकांतचा खोकला वाढला. सुलेखा त्याला डॉक्टर मुतालिकांकडे घेऊन निघाली, तशी मीही निघाले. शेजारी म्हणून जावं लागतं. डॉक्टरांनी त्याला तपासलं, मग मी मागितलं नसताना माझंही ब्लड प्रेशर बघितलं.

"सायकल कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

उमाकांतनं हात वर केला. कोपराला पट्टी होती. आदल्याच दिवशी कुत्रं मागं लागलं होतं.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "सायकलनं हृदय बळकट होतं, सांधे मोकळे होतात, झोप लागते. ते सगळं या बाईंकडे गेलंय. धूर, धूळ, कुत्री आणि पडणं तुमच्याकडे राहिलंय. फायद्याची वाटणी होऊ शकते. धोका मात्र सीटवर बसेल त्याचा. दसऱ्यापर्यंत शुगर उतरली नाही, तर रोज इंजेक्शन. हृदयावर ताण आहे, हेही सांगून ठेवतो."

उमाकांत सुईला इतका भितो की सुलेखानं शर्टाचं बटण लावायला घेतलं की हा दुसऱ्या खोलीत जातो. तो पांढराफटक पडला.

सुलेखा माझ्याकडे बघून म्हणाली, "छान आहे काकू. फळ तुम्ही खा, बिया आम्ही गिळतो."

मी वाईट वाटून घेतलं नाही. थेट सगळ्यांना गुरुजींकडे नेलं.

"सोडलेलं पाणी परत घेता येत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले.

"दुसरी सायकल घेतली तर?" उमाकांतनं विचारलं.

"संकल्प पायांचा आहे. सायकली बदलून काय होणार?"

"मग सोडा तो नाद," सुलेखा नवऱ्याला म्हणाली. "उद्यापासून बसनं जा."

मी गुरुजींच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते. कित्येक वर्षांत मला कुणी तसं बसलेलं बघितलं नव्हतं. उमाकांतनं ते बघितलं आणि बायकोला म्हणाला, "काकू खाली बसल्यात बघ. आता उठवू नकोस त्यांना."

असा शेजारी आहे माझा. सांगताना माझी मान ताठ होते.

मी गुरुजींना विचारलं, "दुसऱ्या कुणाचे पाय याच्या नावावर लावता येतील?"

गुरुजींनी विचार केला. "येतील. पण रोज सायकलनं कामाला जाणारे हवेत. हवा खायला फिरणं धरत नाहीत."

सुलेखा घरीच ब्लाउज शिवते. ती जाणार कुठून कुठं, माजघरातून पडवीत? राहिले मी. मी बचत गटाच्या पापड केंद्रात कामाला जाते, पण रिक्षानं.

"काकू, तुम्हाला सायकल येते?" उमाकांतनं विचारलं.

"त्यात काय येण्यासारखं असतं? तुला येते ना?"

त्यानं मला शाळेच्या मैदानावर शिकवलं. तो कॅरिअर धरून मागे पळायचा आणि दम मला लागायचा नाही. मैदानाच्या भिंतीवर बसलेली माणसं ओरडायची, "काकू, ब्रेक हातात आहे, तोंडात नाही!" मी दोनदा आपटले. दोन्ही कोपरं खरचटली, ती माझीच. डॉक्टर म्हणाले, नियमाप्रमाणे आहे.

मग मी सायकल घेतली, तिची पूजा झाली. पाणी मी सोडलं, नाव आणि गोत्र उमाकांतचं. ते सुलेखानं त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

दसऱ्याला उमाकांतची शुगर उतरली. डॉक्टरांनी सुईचं नाव काढलं नाही, आणि माझी पाठ थोपटली. केंद्रातल्या बायका मला आता पापड लाटताना मधोमध बसवतात.

आम्ही दोघं सकाळी एकदमच निघतो. कालव्याच्या उतारावर मी पुढं असते. परवा समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तरी मी ब्रेक लावला नाही, कडेनं सुळकन काढली.

मागून उमाकांत ओरडला, "काकू, जपून! माझं काळीज आहे ते!"

"मग मागं का रेंगाळतोस?" मी मान न वळवता म्हटलं. "पुढं चढ आलाय. मार पायडल, माझे गुडघे आखडतायत."