डिस्क दिसू लागल्याची हकिकत

जोडलेली वस्तू संगणकाला दिसेनाशी झाली की ती वस्तू आहे की नाही हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा होतो.

आमच्या वहिनीची काडेपेटीएवढी बाह्य डिस्क एका शनिवारी सकाळी अशीच दिसेनाशी झाली. तिच्यात वहिनीचा आठ वर्षांचा प्रबंध होता : 'कौटुंबिक संभाषणातील "हं" या उद्गाराची कार्ये', पृष्ठे तीनशे बारा. पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत तो विद्यापीठात पोचला नाही, तर नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात. (आणखी एक प्रत लॅपटॉपवर होती. वेग वाढावा म्हणून दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, तो महिन्यापूर्वी साफ केला. वेग खरोखरच वाढला आहे.)

अशा वेळी माहितीपुस्तिका वाचावी, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. आमच्याकडे मामांना बोलावतात. मामा निवृत्त लिफ्ट-तपासनीस. त्यांच्या एकतीस वर्षांच्या कारकिर्दीत एकही लिफ्ट पडली नाही; ज्या अडकल्या, त्या पडलेल्यांत धरत नाहीत.

मामांनी चष्मा पुसला आणि कार्यवाही सुरू केली. वायर काढून पुन्हा लावली (अकरा वेळा). तीच वायर उलट्या बाजूने लावली. भोकात फुंकर मारली. हा मान ज्येष्ठतेनुसार आईला देण्यात आला. संगणक बंद करून चालू केला. मग बंद करून, जरा थांबून, चालू केला. हा निराळा उपाय आहे, असं मामांनी स्पष्ट केलं.

"मामा, वायरच बदलून बघू का?" वहिनीने विचारलं.

"अगं, सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळणार कसं?"

"मला दोष नकोय हो. प्रबंध हवाय."

"हाच तर तुमच्या पिढीचा दोष!"

अकराच्या सुमारास मतं घेण्यात आली. उपस्थित पाचांपैकी तिघांचा संशय वायरवर, आईचा संगणकावर, आणि दादाचा कशावरच नाही. तो मोबाइल बघत होता. अखेर त्याच्याच मोबाइलची वायर काढून डिस्कला लावली. पडद्यावर लगेच चौकट उमटली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. करायची का?

वहिनी तेव्हा विद्यापीठात फोन लावायला गॅलरीत गेली होती. मामांनी चौकट वाचली नाही. एकतीस वर्षं त्यांच्यापुढे आलेल्या प्रत्येक कागदावर सहीची जागा खाली असे; बटणही खालीच होतं. संगणकाने सौजन्य म्हणून तीनदा विचारलं. मामांनी तीनदा संमती दिली.

"दिसली!" मामा ओरडले. "ये गं, बघ!"

डिस्क खरंच दिसत होती. पूर्ण जागा, आणि सगळीच्या सगळी मोकळी.

"बघ, काही बिघाड नाही. कशी लख्ख आहे!"

डिस्क उचलून वहिनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली; मामाही सोबत निघाले. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितलं, "डिस्क ठणठणीत आहे. आतलं मात्र गेलं. या जातीत एकदा पुसलं की मागे काही उरत नाही, ताई." मामांनी यातलं पहिलं वाक्य घरी येऊन सर्वांना सांगितलं.

वहिनीने मार्गदर्शकांना फोन केला. तिने पेनड्राइव्हवर पोचवलेल्या प्रत्येक प्रकरणावर सरांचं उत्तर आलं होतं : 'वाचले. उत्तम.' (सरासरी बावन्न पानं, उत्तर यायला लागणारा सरासरी वेळ अकरा मिनिटं.) सर म्हणाले, "वाचून झालं की मी लगेच पुसून टाकतो. नाहीतर साचत जातं हो."

आता उरली छापील प्रत. दोन महिन्यांपूर्वी वहिनीने ती दादाला वाचायला दिली होती, आणि आठवड्याभरात 'वाचलं, भाषा छान आहे' असा अभिप्राय मिळाला होता. दादा स्टुलावर चढला आणि कपाटावरून पाकीट काढलं. पाकिटाच्या तोंडावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

वहिनीने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "भाषा छान आहे, नाही का रे?"

"असणारच की! तू लिहिलंयस."

"आणि वाचलंस कुठून? बाहेरून?"

"अगं, पण जपलंय बघ किती! एक पान दुमडलेलं नाही."

यात दादाचं चुकलं कुठे, ते मला आजही कळलेलं नाही. एकूण प्रती चार. पहिलीचा वेग वाढला, दुसरी दुरुस्त झाली, तिसरी वाचली गेली. टिकली ती एकच, जिला कुणी हात लावला नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याचे महागडे उपाय सुचवणाऱ्यांनी प्रेमळ, न वाचणाऱ्या नातेवाइकाचा कधी गंभीरपणे विचार केलेला दिसत नाही.

पाकिटात फक्त शेवटचं प्रकरण, 'निष्कर्ष', नव्हतं; ते तिने पाकीट दादाला दिल्यानंतर लिहिलेलं. वहिनीने चार दिवस खोलीचं दार लावून ते नव्याने लिहिलं. जुन्यात सत्तावीस पानं होती. नव्यात सहाच आहेत, आणि परीक्षकांच्या मते प्रबंधातली सर्वांत ठाम. शनिवारी साडेअकराला प्रबंध दाखल झाला. आभाराच्या पानावर तिने लिहिलं आहे : 'माझ्या पतीने हा प्रबंध ज्या अवस्थेत दिला, त्याच अवस्थेत परत केला.' प्रबंधाची घरी ठेवलेली प्रत दादा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो. आभाराचं पान तो अजून उघडायचा आहे.

तुम्ही दादाला हसत असाल, तर हसा. फक्त, ज्या कुणाला तुम्ही 'वाचलं, फार आवडलं' असं कळवून टाकलं आहे, त्याची डिस्क अजून चालू आहे, एवढंच तुमचं नशीब. उठा, आणि निदान चिकटपट्टी तरी कापून ठेवा.