गोविंदाजी वाकत नाहीत

लिहिणाऱ्या माणसांत मी बसत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तिथेही मागच्या बाकावर बसतो. पण गोविंदाजींबद्दल कोणीतरी लिहावं असं वाटत होतं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसेना. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

गोविंदाजी वाकत नसत. अजिबात नाही.

लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनच्या मागे त्यांचं घर. पुढची खोली मी भाड्याने घेतली, त्याच दिवशी त्यांच्या हातातून किल्ली पडली. ते ताठ उभे राहून तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "उचल गा."

पुढे मी त्यांचा चष्मा उचलला, विडीचं बंडल उचललं, एकदा तर मारुतीपुढे त्यांचा नारळही मीच ठेवला. ते मागे उभ्यानेच हात जोडून होते. शेजारचे शंकरराव रोज विचारत, "काहून गा गोविंदा, बांबू गिळला काय?"

"तू वाक न माह्या वाटचा!"

मला वाटे, माणूस गर्विष्ठ आहे.

आरामशीनवर कापलेल्या फळ्या रचून घेणं हे त्यांचं काम. हमाल रचत, हे एक डोळा मिटून बघत. "ओली फळी सरळ कापली म्हनून सरळ रायते काय? वजनाखाली वाळू द्या लागते. घाई केली का गेली कामातून." हे ते न्हाव्यालासुद्धा ऐकवत.

त्यांची मुलगी कुंदा चौदा वर्षांची. तिचा कणा एका बाजूला वाकत चालला होता. ऑपरेशन करून पाठीत सळई बसवली होती, आणि मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. हाड जुळेपर्यंत वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

एका संध्याकाळी गोविंदाजी हळूच म्हणाले, "तू शिकला आहेस. प्लास्टर काढल्यावर पाठ पुन्हा वाकली त?"

मला काहीच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"फळीचं मले समजते गा," ते म्हणाले. "पोरीचं कसं समजाचं?"

दुसऱ्या दिवशी कुंदाने मला दारातूनच हाक मारली. "दादा, खरं सांगा. बाबा बाहेर वाकतात काय?"

"काहून?"

"आमची शर्यत आहे. माह्या हातून कंगवा पडला होता. मले उचलता येईना, म्हनून मी लय रडली. तवा बाबा म्हणे, तू वाकू नको, मी बी वाकत नाही. जो पहिले वाकला तो हरला."

मला किल्ली आठवली, नारळ आठवला.

"नाही वं," मी म्हणालो. "एकदाही नाही."

"मंग मी बी नाही हरत," म्हणत ती आपलं प्लास्टर सांभाळत आत गेली.

उन्हाळ्यात मी गावी आलो. प्लास्टर त्याच सुट्टीत निघायचं होतं. रोज वाटायचं, काय झालं असेल. पण कळणार कुठून?

शेवटी दारासाठी लाकूड आणायला त्याच आरामशीनवर गेलेला माझा मामेभाऊ परत आला. बैलगाडी सोडायच्या आधीच मी त्याला गाठलं.

"पोरगी बरी आहे," तो म्हणाला. "एक्सरेच्या फोटोत पाठ सरळ आली. आता काही महिने पट्टा बांधा लागते म्हणे."

"आन गोविंदाजी?"

"ते हरले म्हणते बा. दवाखान्याच्या पायरीवर पोरीच्या पायात चप्पल घालाले वाकले. पोरगी टाळ्या वाजवून ओरडे, बाबा हरले, बाबा हरले!"

"मग?"

"मग काय? चप्पल घालून झाली, तरी लय वेळ उठलेच नाही म्हणते."