उंदरीणबाईंची परवानगी

राठोड सर उंदराच्या मादीला हात लावण्याआधी तिची परवानगी घेत. पिंजऱ्याशी वाकून "बाई, करू का?" असं विचारायचं आणि तिच्या मिशा हलेपर्यंत थांबायचं. मिशा हलल्या की होकार. नराला मात्र विचारणं-बिचारणं काही नाही, मानगुटीला धरून थेट टेबलावर!

हिंगोलीचा नुकताच जिल्हा झाला होता. तिथल्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होतो आणि पुसेगावजवळच्या तांड्यावरून शिकून वर आलेले सर पीएचडी करत होते. विषय ऐकून पाहुणे अर्धा चहा टाकून उठत. यकृताचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करून पुन्हा सुरू केला तर त्याला किती इजा होते, आणि मादीला ती कमी का होते, असा तो विषय.

पण सर हाडाचे मास्तर. लग्नाच्या पंगतीत कुणी बधिर पाय घेऊन उठू लागला की त्याचा खांदा दाबत. "थांबा! आता मुंग्या येतील. रक्त थांबल्यावर न्हाई, परत आल्यावर खरी तकलीफ. लिव्हरचं बी बराबर तसंच." एकदा नवरदेवाच्या मामाला त्यांनी असंच अवघडलेल्या पायावर उभं ठेवलं होतं. मामा भडकले, पण लिव्हर काही विसरले नाहीत.

कामात खोट काढायला जागा नव्हती. नरांची यकृतं बिघडत, माद्यांची बरीचशी तग धरत. ही कृपा मादीच्या अंडाशयातल्या हार्मोनची, हे सिद्ध करायला शेवटचा गट उरला होता. सहा माद्यांची अंडाशयं काढायची आणि पुन्हा तोच प्रयोग. त्याशिवाय प्रबंध घेणार नाही, असं गाईडनी बजावलं होतं. महिनाच हातात होता.

आणि सर अडून बसले. रोज वाकून विचारायचे. मिशा चांगल्या थरथरायच्या, तरी म्हणायचे, "आज न्हाई म्हणून राहिल्या."

आठवडा गेला. मी वैतागलो. "सर, काहून असं करून राहिले? डिग्री हातची जाईल ना!"

सर स्टुलावर बसले. "इंगोले, आमच्या हिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, तवा डॉक्टर म्हणाले, अंडाशयं बी काढून टाकू, पुढं कटकट नको. मी सही केली. तिला इचारलंच न्हाई. बत्तीस वर्षांची होती. तवापासून तिची तब्येत खचली ती खचलीच."

इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणालो, "मग उंदरांना काय इचारता, सर? घरी इचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन त्यांच्या पत्नी शेवंताबाई आल्या. कॉलेजची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. सरांनी त्यांना पिंजऱ्यांसमोर उभं करून सगळं सांगितलं, त्या सहीचंही. मग विचारलं, "करू का?"

बाईंनी एकेका पिंजऱ्यात डोकावून त्या सहाही जणी बघितल्या. "तवा इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पण हे करा. दुसऱ्या कुण्या बाईच्या नवऱ्याला तरी सही करायच्या आधी कळंल. अन् याहिला बी इचारा."

सरांनी हात धुतले. पहिल्या पिंजऱ्याशी वाकले. "बाई, करू का?"

ते तसेच वाकून राहिले. डोळे इतके भरले होते की त्यांना मिशा दिसतच नव्हत्या.

"हलल्या, सर," मी म्हणालो.