बोरी अरब मुक्कामी

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडून येणारी चक्रवाकांची जोडी तलावाच्या पलीकडच्या काठावर लागत आहे. बकऱ्यांनी काठापासून दूर उभे राहावे."

लग्न होऊन यवतमाळला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात सकाळी दूध आणायला निघाले होते, तेव्हा हे ऐकलं आणि पिशवी छातीशी धरून दोन पावलं मागेच सरकले. तलावाच्या पाळीवर एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. कानाला मफलर, अंगात हाफ स्वेटर, उजव्या हाताची मूठ माइकसारखी तोंडापुढे धरलेली. चेहऱ्यावर हसू नाही. समोर प्रवासी म्हणाल तर शेवंताबाईंच्या बकऱ्या, आणि मी.

"घाबरू नको माय," बकऱ्यांमागून शेवंताबाई म्हणाल्या. "कंट्रोलर हाय तो. रिटायर झाला, पन त्याच्या तोंडाले कोनी सांगतलंच नाही."

असे आमचे कंट्रोलर काका. आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत. सारी नोकरी बस स्टँडवर गेली, आधी आर्णीला, मग यवतमाळला. काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायच्या, हेच काम. घरी बोलतात ते अस्सल वऱ्हाडी, पण मूठ तोंडाशी गेली की भाषा एकदम इस्त्रीची होते. भाजीवालीशी भांडतानासुद्धा मूठ वर गेली, तर "कृपया" आल्याशिवाय राहत नाही.

मी कोकणातली. घरामागे खाडी होती. इथे आले तर चहूकडे कपाशी आणि तूर, आणि माझा नवरा गावाजवळच्या लोहाऱ्यातल्या कारखान्यात पाळीवर. शाळा माझी आठवीतच सुटलेली, त्यामुळे चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड. कोणी "काहून वं?" म्हणजे का गं, एवढंच विचारलं तरी वाटायचं, माझं काही चुकलं. अशा माणसाला कोणी कामावर ठेवत नाही. काकांनी ठेवलं.

झालं असं, की मी काठाशी वाकून एक गोगलगाय बघत होते. आमच्या खाडीत असतात तशीच, तोंडाला झाकण लावून बसलेली. मागून आवाज आला, "काय पाहून राह्यली वं पोरी?"

मी दचकून म्हटलं, "काही नाही. दार लावून बसलीय, म्हणजे जिवंत आहे. रिकामी असती तर दार उघडं असतं."

काकाही त्या गोगलगायीवर वाकले. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं वरच पाहून राह्यलो. खाली कोनी पाहतच नाही. आजपासून खालचा फलाट तुह्याकडे."

मला मान खाली घालून चालायची सवय. तिचा असा उपयोग होईल असं माझ्या आईलाही कधी वाटलं नसेल. तेव्हापासून बदकं, तुतवार, शेकाटे हे काकांचं खातं आणि शिंपले, गोगलगायी, पाण्यावर गरगर फिरणाऱ्या निवळ्या, गवतावर बसलेल्या टाचण्या, म्हणजे चतुराच्या बारीक बहिणी, हे माझं. निवळ्यांना काका "सिटी बस" म्हणतात, कारण त्या तिथल्या तिथेच फिरतात. चतुर म्हणजे विनाथांबा. पाणकावळा पंख पसरून दगडावर बसला, की "गाडी धुवायला गेली आहे." पाखरं हिमालय ओलांडून येतात हे काकांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "आन् तू एका कोकणातून आली त रडतं काय?" मी रडत होते हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. पण त्या दिवसापासून रडणं जरा कमी झालं.

काकांचे नियम कडक आहेत. निघणाऱ्या पाखरांची घोषणा नाही, फक्त येणाऱ्यांची. "रद्द" हा शब्द तलावावर उच्चारायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम स्टँडवरचाच, शेवटची मुक्कामी गाडी लागल्याशिवाय कंट्रोलरने खिडकी बंद करायची नाही.

तलावावरची ही शेवटची मुक्कामी म्हणजे एक धोबी. करड्या-पांढऱ्या अंगाचा, शेपूट सारखी खालीवर करणारा, चिमणीपेक्षा जरासा मोठा पक्षी. कधीतरी मांजा अडकून त्याच्या एका पायाची बोटं गेलेली. दोन पावलं नीट टाकायचा, तिसऱ्याला उडी. दर हिवाळ्यात पाळीच्या त्याच काळ्या दगडावर उतरायचा आणि माशा टिपायचा. काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं "बोरी अरब मुक्कामी". त्या गावी रात्री मुक्कामाला जाणारी म्हणे एक गाडी होती, डावीकडून बसकी. वळणावर आधी तिचा पडलेला खांदा दिसायचा, मग गाडी. रोज उशीर, पण यायची.

गेल्या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, बाकी सगळ्या गाड्या लागल्या. बोरी अरब आली नाही.

आणि नेमके त्याच वर्षी काकांचे डोळे गढूळ झाले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. काका म्हणाले, "एक मुक्कामी यायची बाकी हाय साहेब. खिडकी कशी बंद करू?" डॉक्टरांना वाटलं, घरी पाहुणे येणार असतील.

एका अर्थी ते खरंच होतं. काकांची मुलगी बंगळूरला. काकू गेल्यापासून रोज सकाळी तिचा फोन येतो. काका फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे तलावावर जमलेल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. "जय भीम बाबा, मी दसऱ्याले येतो, मग ऑपरेशन करू," ती म्हणाली होती. मग दिवाळी. मग, "बाबा, सुट्टीच मिळून नाही राह्यली."

"काही हरकत नाही माय. काम पाह्य आपलं." फोन खिशात गेला, की काका अगदी खणखणीत आवाजात, ज्याची काही गरज नाही असा एखादा कावळा पुकारत.

एके सकाळी त्यांनी मूठ उचलली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मोठा बगळा फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

शेवंताबाई गेल्या, बगळा उचलला आणि हलवून दाखवला. दुधाची रिकामी पिशवी होती. "कंट्रोलर, तुमच्या गाडीत त हवाच हवा हाय!"

सगळे हसले. काकाही हसले. पण त्याच आठवड्यात पाळीचे दगड उतरताना त्यांचा पाय चुकला आणि ते गुडघाभर पाण्यात गेले. मी आणि शेवंताबाईंनी ओढून काढलं. मफलर पिळत काका म्हणाले, "पाण्याची पाहणी केली." शेवंताबाई मात्र त्या दिवशी हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या पाखराची वाट पाहता पाहता आंधळा होईन हा बुढा. तू सांग त्याले. तुह्यं ऐकते."

माझं कोण ऐकणार? रात्रभर वाक्य जुळवलं आणि सकाळी ते विसरले. नुसतंच म्हटलं, "काका, ऑपरेशन..."

"उशिराने धावून राह्यली, पोरी. उशिराने म्हंजे येनार."

ते धोब्याबद्दल बोलत होते की मुलीबद्दल, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

संक्रांत झाली. हातात तीळगुळाची पुडी घेऊन मी काठाशी वाकले होते. उन्हाला आलेल्या गोगलगायी बघत होते. समोरच्या काळ्या दगडावर काहीतरी उतरलं. शेपूट खालीवर, खालीवर.

"काका! धोबी!"

काका ताठ झाले. स्वेटर खाली ओढला, मफलर सारखा केला. त्यांना तिथे पांढुरकं काहीतरी हलतंय, एवढंच दिसत असणार. "कोन्या दगडावर?"

"त्याच."

"त्याचा पाय पाह्य. उडी मारते?"

शेवंताबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. हो म्हण, असं तोंड करून सांगत होत्या. एवढंच तर म्हणायचं होतं. पण खोटं बोलायलाही धीर लागतो. धोबी दगडावरून तुरुतुरु धावला, एक माशी टिपली, परत धावला.

"नाही काका," मी म्हटलं. "दोन्ही पाय चांगले आहेत."

शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. दगडावर धोब्याची चिकचिक चालूच होती. मला वाटलं, मेले मी, आता हे कधी दवाखान्यात जायचे नाहीत. मग काकांची मूठ हळूहळू तोंडाशी गेली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बोरी अरब मुक्कामी ही गाडी काही कारणाने निघू न शकल्यामुळे तिच्या जागी बदली गाडी सोडण्यात आलेली आहे. सदर गाडी नेहमीच्याच फलाटावर लागलेली आहे."

आवाज जरासाही हलला नाही.

मग माझ्याकडे वळून साध्या बोलीत म्हणाले, "रस्त्यात गाडी बसली, त डेपोतून दुसरी काढतेत. पाटी तेच लावतेत. मान्सं पोचले, की फेरी पुरी झाली. तिले रद्द नाही म्हनत."

"आणि आधीची गाडी?"

"दुरुस्त झाली त येते." त्यांनी मूठ उघडली आणि हात खिशात घातला. "चाल. खिडकी बंद. तुह्या नवऱ्याले सांग, सोमवारी मले दवाखान्यात न्यायचं हाय."

सोमवारी नवऱ्याची पाळी लागली, म्हणून मीच गेले. मुलीने डॉक्टरांशी फोनवर सगळं बोलून ठेवलं होतं. येणं मात्र तिला जमलं नव्हतं. मोठा दवाखाना, चकचकीत फरशी, सगळे भराभर बोलणारे. पिशवीत काकांचा डबा, मफलर आणि चष्मा. काका बाकावर अगदी सरळ बसले होते, स्टँडवर ड्युटीला बसत असतील तसे.

सिस्टरने दारातून हाक मारली. "पेशंटसोबत कोण आहे? मुलगी आली का?"

मी उठले, अडखळले. "मी... नाही, मी शेजारची... मुलगी बंगळूरला असते..."

"मग तुम्ही कोण?"

तेवढ्यात बाजूला काकांची मूठ वर गेलेली दिसली. पण घोषणा झाली नाही. त्यांनी मूठ तशीच खाली आणली, चाचपत माझ्या हातातल्या पिशवीपर्यंत नेली आणि तिचा एक बंद धरला.

"बदली गाडी हाय, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "पाटी तेच लावा."

सिस्टरला काही कळलं नाही. पिशवीचा दुसरा बंद मी धरला, आणि आम्ही आत गेलो.