शिखर : पाव किलोमीटर

"ताईचा फोन होता. भावोजी आज पुन्हा डोंगर चढून आले," रविवारी सकाळी साडेनऊ वाजता बायको म्हणाली आणि पेंटरच्या तोंडातला चहा कडू झाला.

भावोजी म्हणजे पेंटरचा साडू, पाणीपुरवठा खात्यातला हेडक्लार्क. गावामागच्या डोंगराच्या माथ्यावर पाण्याची टाकी होती. त्यामुळे पायथ्याशी फाटक होते, फाटकाला कुलूप होते, शेजारी चौकीदाराची खोली होती आणि आत जायचा पास फक्त त्या खात्यातल्या लोकांना मिळे. साडू दर रविवारी पहाटे पास खिशात घालून निघे आणि नऊच्या सुमारास माथ्यावरचे फोटो सगळ्या घराला पाठवी. "चार किलोमीटर चढ आहे. छातीवर येतो नुसता," असे तो सांगे, आणि सांगताना छाती पुढे काढी.

बायको ते फोटो बोटांनी मोठे करकरून बघायची. पेंटरने गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने घराला नवा रंग दिला, तेव्हा भिंतीकडेसुद्धा तिने इतका वेळ पाहिले नव्हते.

"दुरून डोंगर साजरे," पेंटर म्हणाला.

"दुरून कुठे? ते वर जाऊन आले. दूर आपण बसलोय."

खरे तर पेंटरला डोंगराशी काही देणेघेणे नव्हते. ते फोटो बघताना बायकोच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचे, ते एकदा, निदान एकदा, आपल्याकडे बघून उमटावे एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी होत नव्हती म्हणून दर रविवारी त्याच्या पोटात दुखायचे.

अशातच टाकीला वेगळे कुंपण घालून डोंगराची वाट सगळ्या गावासाठी खुली करायचे नगरपालिकेने ठरवले. पेंटर नगरपालिकेच्याच पाट्या रंगवायचा, तेव्हा हे काम त्याच्याकडे आले. साहेबांनी चिठ्ठी दिली. फाटकाशी एक मोठी पाटी, 'ही वाट सर्वांसाठी खुली आहे'. तिच्याखाली 'शिखर ४ किमी', आणि मग दर किलोमीटरला एकेक पाटी, तीन, दोन, एक.

पेंटरने पत्रे पिवळे केले, वाळवले, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि चारचा आकडा काढायला हात उचलला. तो हात तिथेच थांबला. साडूचा चार किलोमीटरचा डंका आता आपल्याच अक्षरात डोंगराच्या पायथ्याशी कायमचा वाजत राहणार, या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने ब्रश टेकवला आणि लिहिले, 'शिखर १ किमी'.

एक खोटे लिहिले की पुढची तीन त्याच्या मापाने लिहावी लागतात. पेंटर कामाचा चोख माणूस. त्याने सगळ्या आकड्यांना इमानदारीने चारने भागले. तीनचे झाले पाऊण, दोनचे अर्धा आणि एकचे पाव. साहेबांनी पाट्या बारकाईने तपासल्या, 'शिखर'मधली वेलांटी पहिली आहे की दुसरी यावर पाच मिनिटे घालवली आणि सही केली. आकड्यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

वाट खुली झाल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. सासूबाई निवृत्त गणिताच्या बाई. दोन्ही मुली गावातच दिलेल्या, 'आता आमच्याकडे राहायला ये' म्हणून मागे लागलेल्या, पण सासूबाई मात्र स्वतःच्या दोन खोल्यांत एकट्या आणि ऐटीत राहायच्या. पेंटरने पहिला घास पोटात जाऊ दिला आणि मग विचारले, "साडूभाऊ, तुम्ही तर चार किलोमीटर म्हणत होता. पाटीवर एकच आहे की हो!"

आता जुंपणार, म्हणून तो सरसावून बसला होता. पण साडू पानातली चटणी उगाच सारखी करू लागला.

"ते... अहो, जाताना एक, येताना एक. आणि मी दोनदा चढतो ना. म्हणून चार."

"म्हणजे चढ एकच किलोमीटरचा?" बायकोने विचारले.

"तसं म्हटलं तर... एकच."

पेंटरला आमटी एकाएकी फार चविष्ट लागली. प्रत्यक्ष चढणारा माणूस चारचे एक मुकाट्याने कसे काय मान्य करतो, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण हेवा शांत झालेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

"एकच किलोमीटर?" सासूबाईंनी पानावरून मान वर केली. "मग रविवारी मीही येते."

दोन्ही जावयांचे हात ताटातच थबकले.

"आई, चढ आहे. तुमचे गुडघे..." पेंटर म्हणाला.

"दगड फार आहेत वाटेत," साडू म्हणाला.

"एक किलोमीटर मी रोज भाजीला चालते," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं एका सुरात कधीपासून बोलायला लागलात?"

झाले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणजे काय, ते पेंटरला रविवारपर्यंत रोज कळत होते. एकच किलोमीटर म्हणून बायकोने चपला घातल्या. एकच किलोमीटर म्हणून ताईने घडीची खुर्ची घेतली, आईला वर बसायला. ती पेंटरच्या खांद्यावर आली. पाण्याची मात्र एकच बाटली घेतली.

पहिल्याच फाट्यावर साडू सगळ्यांना झोकात डावीकडे घेऊन गेला आणि जुन्या पाइपांच्या ढिगाऱ्यापाशी वाट संपली.

"मी नेहमी नवीन वाटा शोधत असतो," तो म्हणाला.

वाटेवर गर्दी होती. बेकरीवाला होता, दवाखान्यातली नर्स होती, एरवी दुकानातून मान वर न करणारा घड्याळजी होता. सगळे एकमेकांना हसून वाट देत होते, आणि सगळे घामाघूम झाले होते. 'शिखर पाऊण किमी' या पाटीपाशी बेकरीवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. "पाव किलोमीटरमध्ये ही अवस्था! उद्यापासून माझ्याच बेकरीची बिस्किटं बंद," तो पेंटरला म्हणाला. जो तो स्वतःच्या पोटाला बोल लावत होता. पाटीवर संशय घेणारा एकही माणूस त्या डोंगरावर नव्हता.

सासूबाई मात्र घड्याळ बघत चालल्या होत्या. पाऊणच्या पाटीशी त्या म्हणाल्या, "पस्तीस मिनिटं." अर्ध्याच्या पाटीशी त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. पावच्या पाटीशी आल्या आणि पेंटरने उघडलेल्या खुर्चीत बसून राहिल्या.

"तुम्ही जा पुढे," त्या म्हणाल्या.

"आई, थोडंच राहिलंय," बायको म्हणाली.

"पाऊण किलोमीटरला एक तास पन्नास मिनिटं. ताशी अर्धा किलोमीटरसुद्धा पडत नाही गं." आवाज गणिताच्या बाईंचाच होता, पण डोळे भरले होते. "तुम्ही दोघी म्हणता ते खरं आहे. एकटीने राहायचे दिवस संपले माझे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "धाकट्या जावईबापूंकडेच येते राहायला. त्यांचं घर तळमजल्यावर आहे."

पेंटरच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. त्यातली पहिली दया होती, असे तो पुढे नेहमी सांगे.

"आई, पाटी चुकलीय," तो म्हणाला.

"नगरपालिकेची पाटी कशी चुकेल?"

"मी चुकवलीय. चढ चार किलोमीटरचा आहे. सगळे आकडे मी चारने भागलेत."

"का?" बायकोने विचारले.

पेंटर खुर्चीच्या पायाकडे बघत म्हणाला, "यांचे फोटो तू मोठे करकरून बघतेस. मला नाही बघवत. माझ्याकडे कधी तसं बघतेस का?"

बायको चपलेतला खडा काढायला वाकली. सासूबाईंचे ओठ मात्र हलत होते. हिशोब चालला होता.

"म्हणजे आत्तापर्यंत मी तीन किलोमीटर आले?"

"तीन."

"चढ?"

"सगळा चढ."

"या गुडघ्यांनी?" सासूबाई कुणाचाही हात न धरता उठल्या. "मग मला बसवून काय ठेवलंय? खुर्ची मिटा ती!"

त्या निघाल्यासुद्धा. मागे राहिलेली ताई सावकाश नवऱ्याकडे वळली. "तुम्ही दर रविवारी येता ना हो इथे? मग चारचं एक झालेलं तुम्हाला कळलं कसं नाही?"

साडूने आधी आकाशाकडे पाहिले, मग दरीकडे. दोन्हीकडून मदत आली नाही. "चौकीदाराच्या खोलीत कॅरम आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि फोटो?"

"टाकी बघायला चौकीदार वर जायचा. तो काढून आणायचा."

ताईने खुर्ची पेंटरच्या खांद्यावरून काढून साडूच्या खांद्यावर दिली.

माथ्यावर पोचताच वारा अंगाला लागला आणि पेंटर दुखरे पाय विसरला. खाली सगळे गाव पसरले होते. नदी गावाला इतका मोठा वळसा घालून जाते, हे चाळीस वर्षे तिथे राहून त्याला ठाऊक नव्हते. घड्याळजी एका दगडावर बसून आपले दुकान शोधत होता आणि सापडत नाही म्हणून खूश होता. फोटोत यातले काही म्हणजे काहीच येत नाही, हे पेंटरला पटले. इतकी वर्षे आपण नुसत्या फोटोंवर जळत होतो, या गोष्टीचा त्याला राग आला आणि हसूही आले.

मग त्याने धीर करून बायकोकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर तेच उमटले होते, अगदी तेच, आणि कितीतरी पट जास्त. पण ती बघत होती त्याच्या पलीकडे, कड्यापासून चार हात अलीकडे पदर खोचून उभ्या असलेल्या आपल्या आईकडे.

"बघताय ना?" ती म्हणाली. "या वयात! चार किलोमीटर!"

सोमवारी पेंटरने पाट्या मुकाट्याने दुरुस्त केल्या. सासूबाईंनी त्यानंतरचा एकही रविवार चुकवला नाही. पहाटे पाचला त्यांचा फोन यायचा आणि दिवसभर बायकोच्या तोंडी आईशिवाय विषय नसायचा. आईंची चाल, आईंचा दम, आईंचे गुडघे. साडूचा हेवा करणे निदान सोपे होते, मनातल्या मनात शिव्या तरी देता यायच्या. सासूवर जळणाऱ्या जावयाला कुठे तक्रार करायची सोय नसते.

दुसऱ्या रविवारी सासूबाईंनी शेजारणीला चढ पाच किलोमीटरचा सांगितला. चौथ्या रविवारी पेंटर बायकोबरोबर त्यांना न्यायला गेला, तेव्हा शेजारणीसमोर तो चढ साडेसहा किलोमीटरचा झाला होता.

"आई, चारच आहे हो," पेंटर न राहवून म्हणाला.

"वळणं धरली होती का मोजताना?" सासूबाईंनी विचारले.

"ते काही नाही," बायको म्हणाली, "किलोमीटरबद्दल तुम्ही यापुढे एक अक्षर बोलायचं नाही."

शेजारीण पेंटरकडे बघून समजल्यासारखी हसली. पेंटर खाली वाकला आणि बुटाची नाडी आवळून बांधू लागला. तो सरळ उभा राहीपर्यंत सासूबाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या.