अण्णांच्या सीटखालचा सबवूफर

"याला बेस म्हणायचं?" साडू म्हणाला आणि त्याने डॅशबोर्डवर टिचकी मारली. "आत कुणीतरी रिकामा डबा बडवतंय असं वाटतं."

थोरल्या जावयाने आवाज जरा वाढवून पाहिला. गाडी त्याची होती, हौसेने घेतलेली होती आणि तिच्यातला कंपनीचा स्टीरिओ आजवर त्याला कधी खटकला नव्हता. पण तो पडला चष्म्याच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की ते बरं" असं दिवसभर विचारणारा. एकदा 'ते' दाखवलं की 'हे' कसं अंधुक वाटायला लागतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. साडू कोपऱ्यावर उतरून गेला, आणि घरी पोचेपर्यंत जावयाला प्रत्येक गाण्यात डबाच ऐकू येऊ लागला.

बायकोने एकच अट घातली. "काय बसवायचं ते बसवा, पण डिकीला हात लावायचा नाही. आठवड्याचं सामान काय मी डोक्यावर आणू?"

त्यामुळे पुढच्या डाव्या सीटखाली मावेल असा चपटा सबवूफर घ्यायचं ठरलं. फिटर मोठा नम्र होता.

"साहेब, नुसता वूफर लावून उपयोग नाही. कंपनीच्या सेटमध्ये तेवढा दमच नसतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल."

"लावा."

"मग त्याला बॅटरीपासून जाड वायर ओढावी लागेल."

"ओढा."

"वायर ओढायची म्हणजे खालचं कार्पेट उचलावं लागणार. आणि कार्पेट उचलायचं म्हणजे सीटा काढाव्या लागणार."

संध्याकाळी बायको त्याच रस्त्याने आली तेव्हा तिचा नवरा फुटपाथवर, स्वतःच्याच गाडीच्या सीटवर, पट्टा लावायचा तेवढा बाकी ठेवून चहा पीत बसला होता. ओळख न दाखवता ती पुढे निघून गेली.

गाडी हातात आली आणि पहिल्याच गाण्याला जावयाच्या छातीत धडधड झाली. त्याला धन्य वाटलं. हे धन्य वाटणं सिग्नलपर्यंत टिकलं. तिथे मागची नंबर प्लेट बोलायला लागली. ती आवळली तर दाराचं अस्तर करकरू लागलं. दारात फोम भरला तर आरसा थरथरायला लागला आणि मागच्या एकाच मोटारसायकलच्या तीन मोटारसायकली दिसायला लागल्या. फिटर प्रत्येक वेळी म्हणायचा, "हे आधीपासूनच सैल होतं साहेब. आता फक्त ऐकू येतंय."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग शनिवार आला.

दर शनिवारी जावई सासऱ्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला फिजिओथेरपीला न्यायचा. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. गाडीत बसले की ते रस्त्याच्या वर काय आहे ते बघतच नसत. "या दवाखान्याखाली मोठी लाइन आहे, जावईबापू. ती फुटली तेव्हा डॉक्टरांच्या खुर्च्या तरंगत बाहेर आल्या होत्या." मग ती लाइन कुणी टाकली, कुणी चुकीची टाकली, कोणत्या साहेबाने उलटा व्हॉल्व फिरवून अख्ख्या बाजाराला आंघोळ घातली, असं करत करत फिजिओचं दार यायचं. जावई हूं हूं करत ऐकायचा. एरवी सासरच्या मंडळींशी त्याला चार वाक्यं धड बोलता यायची नाहीत. अण्णांशी बोलावंच लागत नसे.

त्या शनिवारी अण्णा सीटवर बसले. जावयाने मोठ्या हौसेने गाणं लावलं. सीटखाली काहीतरी घुमलं आणि अण्णांचा चष्मा नाकावरून हळूहळू खाली सरकला. तो वर करून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

"कसं वाटतंय, अण्णा?"

"अं?"

"आवाज कसा वाटतोय?"

"हो, हो," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी दवाखाना आला आणि गेला, बाजार आला आणि गेला. अण्णांनी एकाही पाइपाचं नाव काढलं नाही. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी अण्णांनी डोळेही मिटून घेतले.

"बाबा काही बोलले का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"रागावले असतील. म्हातारा माणूस, तुम्ही त्याला स्पीकरवर बसवलंत."

जावयाला ते लागलं. आवाज कमी केला की आता अण्णा काही बोलतील म्हणून तो कान देऊन वाट बघायचा आणि ते काहीच बोलले नाहीत की त्या शांततेनेच घाबरून पुन्हा आवाज वाढवायचा.

त्यातच अ‍ॅम्प्लिफायरने बॅटरी खाल्ली. फिजिओच्या दारात गाडी चालू होईना. आतल्या बाकांवर बसलेले पेशंट मदतीला धावले. कुणाच्या मानेला पट्टा, कुणाच्या कमरेला. सगळ्यांनी मिळून गाडीला हात लावला तेवढ्यात फिजिओबाई ओरडत बाहेर आल्या. "खाली वाकू नका, कुणीही वाकू नका. माझी महिन्याभराची मेहनत आहे ती." पट्टेवाले ओशाळून आत गेले. कमरेच्या पट्ट्याचे एक गृहस्थ मात्र वाकलेले ते सरळच होईनात. त्यांना दोघांनी धरून आत नेलं. जावयाची मान वर होईना, आणि तिला तर काहीच झालेलं नव्हतं.

सोमवारी त्याने गाडी फिटरकडे नेली. "सगळं काढा आणि तुम्हीच ठेवून घ्या."

"साहेब, लोक बसवायला येतात. काढायला कुणी येत नाही."

"मी आलोय."

पुन्हा सीटा फुटपाथवर आल्या. या वेळी तो उभाच राहिला.

शनिवारी गाडीत इंजिनाची घरघर तेवढी होती. जावयाला मोकळं वाटत होतं. अण्णा बसले, जरा वाट पाहिली, मग सीटखाली डोकावण्याचा प्रयत्न करून सरळ झाले.

"आज ते बिघडलंय का?"

"काढून टाकलं, अण्णा."

"अरेरे," अण्णा म्हणाले. ते मनापासून हळहळले. "कमरेला फार बरं वाटायचं हो. ती फिजिओबाई जे हाताने करते ना, ते हे बसल्या जागी व्हायचं."

"पण तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत तेव्हा हो हो म्हणालो की."

जावयाने गाडी बाजूला घेतली. "अण्णा, तुम्ही गाडीत बोलायचे बंद झालात. मला वाटलं रागावलात. म्हणून काढलं."

अण्णा त्याच्याकडे वळले. "मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळलात म्हणून तुम्ही ते बसवून घेतलंत."

"छे हो. मी शनिवारची वाट बघायचो."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ते बसवलंत तेव्हा मी सुटलो. माझ्याजवळचं सगळं केव्हाच सांगून संपलं होतं. किती पाइप असणार एका गावात? मग शुक्रवारी दुपारी बसून जुळवाजुळव करायचो. उद्या जावयाला काय सांगायचं? तुम्ही एवढं मन लावून ऐकायचात की थांबायची सोय नाही."

"म्हणजे ते टाकीवर चढून, भर पुरात तुम्ही व्हॉल्व बंद केलात, ते..."

"चढला तो दुसराच कुणीतरी. मी खाली त्याच्या चपला धरून उभा होतो."

जावयाने ही गोष्ट दुकानात कित्येक गिऱ्हाइकांना सांगितली होती. एकाने तर ती ऐकता ऐकता महागातली फ्रेम घेतली होती. तरी त्याला राग आला नाही.

"अण्णा, मग त्या चपलांचं सांगा."

अण्णा हसले आणि त्यांनी मान हलवली. "आता नाही जमायचं, जावईबापू. आता तुम्ही ऐकताना माझ्या तोंडाकडे बघाल."

उरलेला रस्ता दोघेही समोर बघत राहिले. जावयाने मध्येच एकदा हवेचा विषय काढून पाहिला. अण्णा "हो, हो" म्हणाले.

निदान कमरेचं सुख तरी परत द्यावं, म्हणून सोमवारी तो पुन्हा फिटरकडे गेला. त्याला बघताच फिटर उठून उभा राहिला.

"तो माझा वूफर परत बसवा."

"तो गेला, साहेब. शनिवारी संध्याकाळीच. तुमचे साडू घेऊन गेले, अ‍ॅम्पसकट."

"साडू? त्यांना कुणी सांगितलं?"

"ते म्हणाले, सासऱ्यांचा फोन आला होता."

घरी बायकोला हे आधीच ठाऊक होतं. "बाबांना तुम्हाला पुन्हा त्रास द्यायचा नव्हता," ती म्हणाली. "आणि त्यांना नेण्याचं धाकट्या जावईबापूंनी आपणहून कबूल केलंय. तुम्हाला तेवढाच शनिवार मोकळा."

मोकळ्या शनिवारी जावई दुकानात बसला. एका बाईंच्या डोळ्यांपुढे भिंग धरून तो "हे बरं की..." म्हणाला आणि थांबला. शोकेसमधल्या काचा बारीक किणकिणू लागल्या होत्या. मग फ्रेमा हलल्या. रांगेत मांडलेले सगळे चष्मे एका तालात थरथरत पुढे सरकू लागले.

"काय झालं हो?" बाईंनी घाबरून विचारलं.

तो दारात आला. साडूची गाडी रमतगमत समोरून चालली होती. साडू तोंड उघडून मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता. त्यातलं एक अक्षर बाहेर येत नव्हतं आणि बहुधा आतही कुणाला ऐकू जात नव्हतं. शेजारी अण्णा डोळे मिटून बसले होते. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे जावयाने त्या सीटवर एवढ्या शनिवारांत कधी नीट वळून पाहिलं नव्हतं.

त्याने हात वर केला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो आत आला आणि चष्मे पुन्हा रांगेत लावू लागला.