जून महिन्यात गोठलेला पंप

पंप या विषयावर मला कुणी काही सांगू नये. सांगलीला डिप्लोमा करताना मी विहिरीवरचे, बोअरवरचे, एवढंच काय, शेजारच्या डेअरीतलेसुद्धा पंप उघडून परत बसवले आहेत. आणि त्यातले बरेचसे नंतर चालूही झाले! पण दुबईला येऊन क्लीनिंग कंपनीत सुपरवायझर झालो आणि बघतो तर तिथे पंपच नव्हते. बादल्या होत्या. बादलीत उघडून बघण्यासारखं काही नसतं. माझी सहा वर्षं तशी वायाच गेली.

शेवटी २००१ साली मी आमच्या मॅनेजरांच्या मागे लागून काचा धुण्याचं मशीन मागवलं. एका ट्रॉलीवर पाण्याची टाकी, तिच्याखाली बॅटरी, बॅटरीशेजारी पंप, पंपाला वीस मीटरचा निळा पाइप आणि पाइपाच्या टोकाला लांबलचक दांड्यावर ब्रश. माणसाने जमिनीवर उभं राहायचं, बटण दाबायचं, की दोन मजले उंचीची काच धुऊन मोकळी! शिडी नको, बादली नको.

"मग बाबाजी पण नकोत," मॅनेजर म्हणाले. "मशीन नीट चाललं तर त्यांना अल ऐनला पाठवू. तिकडे माणसं कमीच आहेत."

बाबाजी म्हणजे आमचे सगळ्यात जुने काचवाले. गाव राजापूर, वय पन्नाशीच्या पुढे, दुबईत पंधरा वर्षं एकाच खोलीत, त्याच पाच जणांबरोबर. अल ऐन म्हणजे दीड-दोन तासांवरचं वेगळं शहर, तिथे गेलं की ही खोली सुटणार. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, मी बादली घेऊ का बरोबर?"

"बाबाजी, आता बादली विसरायची!" मी म्हणालो.

त्यांनी बादली घेतली.

मशीनचं पहिलं काम एका क्लबात निघालं. शारजाच्या रस्त्याला तेव्हा हा क्लब होता आणि त्यात बर्फाचं मैदान होतं. बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत पोरं बर्फावर घसरतायत, असा प्रकार. मैदानाच्या एका बाजूला प्रेक्षकांची गॅलरी आणि तिच्यापुढे चौदा उंच काचांची भिंत. गुरुवारी सकाळी दहाला शाळांच्या स्केटिंग स्पर्धा होत्या, पाहुणे येणार होते, आणि काचा इतक्या मळक्या की पलीकडचं पोर आपलं की दुसऱ्याचं ते कळू नये. काम पसंत पडलं तर पुढच्या वर्षभराचं कंत्राट आमचं. त्यात स्पर्धेत माझी मुलगी अस्मी होती. वय वर्षं नऊ.

"अगं, तुझ्या स्पर्धेच्या काचा बाबा स्वतः करणार आहेत," मी तिला आदल्या दिवशी सांगितलं.

"Okay, but please don't wave," अस्मी म्हणाली.

गुरुवारी सकाळी सहाला बाबाजी आणि मी हजर झालो. क्लबचे मॅनेजर लियाकत साहेब दारातच भेटले. हैदराबादचे, अतिशय अदबशीर गृहस्थ. गळ्याला मफलर. जूनमध्ये मफलर घातलेला माणूस मी दुबईत पहिल्यांदाच बघितला.

"वासुदेव भाई, पौने दस तक बर्फ खाली चाहिए," ते म्हणाले. "फिर हमारी मशीन उसको बराबर करेगी. उसके बाद कोई अंदर नहीं जाएगा."

"पौने दस? साडेसात को खलास!" मी म्हणालो.

ट्रॉली दाराशी लावली. पाइप बर्फावरून नेला आणि काचेशी पोचलो. बाबाजींनी गमबूट घातले होते. मी काळे लेदरचे बूट घातले होते, कारण पाहुणे येणार होते. बटण दाबलं. घुर्रर्र! ब्रशमधून पाणी आलं, काचेवर मळाचे ओघळ सुटले, आणि पाच मिनिटांत पहिली काच अशी झाली की ती आहे की नाही ते हात लावून बघावं!

"बघितलंत?" मी बाबाजींना म्हणालो. मग पंप बंद केला आणि लियाकत साहेबांना बोलवायला गेलो. त्यांनी चहा मागवला. चहा सोडून येणं बरं दिसलं नसतं. वीस मिनिटांनी आम्ही आलो आणि मी ऐटीत बटण दाबलं.

घुर्रर्र... टक.

पंप एक सेकंद चालला आणि बंद पडला. पुन्हा दाबलं. घुर्रर्र... टक. ब्रशमधून थेंब नाही.

"पहिल्या दिवशी होतं असं," मी म्हणालो. लियाकत साहेबांनी मफलर नीट केला आणि ते गेले.

मी कामाला लागलो. फ्यूज काढला, बघितला, पुसला, बसवला. टक. बॅटरीच्या तारा घट्ट केल्या. टक. गाळणी काढून फुंकली, तिच्यात काहीच अडकलेलं नव्हतं. टक.

"साहेब," बाबाजी म्हणाले, "पाइप कडक झालाय."

"नवीन आहे ना! नवीन पाइप कडकच असतो."

"सकाळी मऊ होता."

"बाबाजी, ही टेक्निकल बाब आहे. थंडीत मला नीट सुचत नाही. सगळं सामान बाहेर घ्या, उजेडात उघडून बघतो."

आता, पाइप बर्फावर जसा वेटोळी होऊन पडला होता तसाच्या तसा उचलला गेला. एखाद्या राक्षसाच्या ताटातली जिलबी दोघांनी मिळून न्यावी तसा आम्ही तो पार्किंगमध्ये नेला. दारातून जाईना म्हणून आडवा करून काढला. आणि इतकं होऊनही माझ्या डोक्यात काही आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पार्किंगमध्ये ऊन असं की पंपाला हात लावताच चटका बसला. मी त्याचे चारही स्क्रू काढले, आत बघितलं, परत लावले. दहा मिनिटांनी बटण दाबलं. घुर्रर्र! ब्रशमधून पाण्याचा फवारा उडाला आणि शेजारी उभी असलेली लियाकत साहेबांची गाडी धुतली गेली!

"झाला दुरुस्त!" मी ओरडलो. "आणि बघा, वापरून वापरून पाइपही मऊ झाला!"

बाबाजींनी पाइपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

आत आलो. पाइप पुन्हा बर्फावर टाकला. चालू केलं. चाललं! दुसरी काच निम्मी झाली. लियाकत साहेबांनी हे बघितलंच पाहिजे म्हणून मी पंप बंद करून त्यांना शोधायला गेलो. ते वरच्या मजल्यावर खुर्च्या लावून घेत होते. त्यांना घेऊन खाली येईपर्यंत पाव तास गेला.

घुर्रर्र... टक.

"बाहेर चालतो हो!" मी काकुळतीला आलो. "बाहर एकदम फर्स्ट क्लास चलता है!"

लियाकत साहेब काचांकडे बघून म्हणाले, "तो फिर काँच बाहर भेज दूँ?"

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी अजूनही ठरवू शकलेलो नाही की ते चिडून बोलले की मदत म्हणून.

मी पुन्हा सगळं बाहेर नेलं. पुन्हा चाललं. पुन्हा आत आणलं, आणि दिवा लावून देवापुढे उभं राहावं तसा पंधरा मिनिटं स्तब्ध उभा राहिलो, पंपाला जरा विश्रांती म्हणून. टक. हे झालं तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आता शेवटचा उपाय म्हणून मी मोबाइलवरून मशीन विकणाऱ्या दुकानाच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याचं नाव वली. पेशावरचा.

"साब, पंप क्या बोलता है?"

"टक बोलता है."

"मतलब आगे रास्ता बंद है. पाइप किधर पड़ा है? किसी गाड़ी के नीचे?"

"नहीं, बर्फ पर पड़ा है."

पलीकडे वलीने रेडिओ बंद केला.

"किस पर?"

"बर्फ पर. इधर सब तरफ बर्फ है. मैं भी बर्फ पर खड़ा हूँ."

"साब, आप किधर हैं?"

"दुबई में."

वली अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसा बोलू लागला. "साब, धूप से हट जाओ. छाँव में बैठो. सिर पर पानी डालो. पास में कोई आदमी है? उसको फोन दो."

मी फोन बाबाजींना दिला. वलीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भाई, साब ठीक है?"

"ठीक है," बाबाजी म्हणाले. "हमेशा ऐसाच रहता है."

मग बाबाजींनी त्याला सगळं समजावलं: स्केटिंगचं मैदान, पाइप सकाळी मऊ होता, नंतर लाकूड झाला, उन्हात परत मऊ झाला. दोन मिनिटांत फोन संपला.

"साहेब, तो म्हणतो पाइपात पाणी गोठतंय. पाइप बर्फावर ठेवू नका, खुर्च्यांवरून न्या. आणि मध्ये पंप बंद करू नका."

"मी आता तेच म्हणणार होतो," मी म्हणालो.

"हो साहेब."

तेवढ्यात माझं लक्ष काचांकडे गेलं आणि मी बघतच राहिलो. तेरा काचा लख्ख! मी पंप आत-बाहेर नेत होतो तेव्हा मधल्या वेळात बाबाजींनी क्लबची शिडी मागून घेतली होती आणि बादली, फडकं, रबरी पट्टी घेऊन एकेक काच उरकली होती. एकच राहिली होती, अगदी मधली, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरची.

"ही का ठेवलीत?"

"मशीनसाठी ठेवली, साहेब," बाबाजी म्हणाले. "तुमची मेहनत झाली ना एवढी."

खरं सांगतो, मला भरून आलं. ज्या मशीनपायी या माणसाची खोली सुटणार होती, त्याच मशीनसाठी त्याने एक काच राखून ठेवली होती! इथे शहाण्या माणसाने ती काचही बाबाजींना पुसायला सांगितली असती. पण मी पंपाचा माणूस. मी ठरवलं, या काचेवर मशीनची शान दाखवायची.

मी पाइप उन्हात मऊ करून आणला आणि मैदानाच्या कडेने खुर्च्या मांडून त्यांच्यावरून नेला. आतलं पाणी परत गोठू नये म्हणून कॅन्टीनमधून चहाचं उकळतं पाणी आणून टाकीत ओतलं. या भानगडीत पावणेदहा होऊन गेले. क्लबचं बर्फ सपाट करणारं मशीन फिरून गेलं होतं. मैदान आरशासारखं झालं होतं. गॅलरीत माणसं बसायला लागली होती. पहिल्या रांगेत माझी बायको उर्मिला होती. मी हळूच आत शिरलो आणि मधल्या काचेसमोर उभा राहून ओरडलो, "बाबाजी, यल्ला! चालू करा!"

दाराशी बाबाजींनी बटण दाबलं.

पंप चालला. असा चालला की तसा पंप मी आयुष्यात बघितला नाही! गार काचेवर गरम पाण्याचा फवारा बसला आणि क्षणात काच पांढरी झाली. शेजारच्या दोन्ही झाल्या. तिथून वाफ पसरत गेली आणि चौदाच्या चौदा काचा दुधासारख्या झाल्या. पलीकडून "अहो!" असं ऐकू आलं. तो उर्मिलाचा आवाज होता. त्याच वेळी ब्रशजवळचा जोड निसटला आणि उरलेलं सगळं गरम पाणी माझ्या पायांवर सांडलं.

"बंद करा! बंद!"

बाबाजींनी बंद केलं. मी जागचा हललो नाही. गडबड केली की लोकांना कळतं, हा माझा अनुभव. वाफ निवळेपर्यंत शांत उभं राहायचं आणि मग सावकाश निघून जायचं, असं मी ठरवलं. दहा मिनिटांनी काचा निवळल्या. समोर तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान लववली आणि पाऊल उचललं.

पाऊल उचललं गेलं नाही.

गरम पाण्याने बर्फात खड्डा पडला होता, त्यात माझे बूट बसले होते, आणि खड्डा परत गोठला होता. मी डावा ओढला, उजवा ओढला. टकसुद्धा आवाज आला नाही.

लाउडस्पीकरवर लियाकत साहेब अदबीने म्हणाले, "जो साहब बर्फ पर हैं, वो तशरीफ़ ले जाएँ."

मी नाड्या सोडल्या आणि मोज्यांवर निघालो. मोज्यांवर बर्फावरून चालताना माणसाला ऐट राखता येत नाही. मी तीन वेळा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा गॅलरीत टाळ्या झाल्या. दाराशी बाबाजींनी आपले गमबूट काढून माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः अनवाणी उभे राहिले.

बूट काढायला वेळ नव्हता. लियाकत साहेबांनी त्यांच्याभोवती नारिंगी शंकू लावून घेतले आणि पोरांना बुटांना वळसा घालून जायला सांगितलं. अस्मीचा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या मुलीचा वळसा जास्त चांगला होता.

कंत्राट आम्हाला मिळालं. लियाकत साहेबांनी पत्रात स्पष्ट लिहिलं: काचा बाबाजी पुसतील, शिडी क्लबची, मशीन नको. बाबाजी दुबईतच राहिले. मशीन अल ऐनला गेलं.

त्या दिवशी घरी जाताना गाडी उर्मिला चालवत होती. मी मागे वळून अस्मीला विचारलं, "तुला फार लाज वाटली का गं?"

"No, Baba," ती म्हणाली. "Nobody knew it was you. I said it was Priyal's father."

प्रियाल तिच्या वर्गात होती. तिचे वडील, करंदीकर, बँकेत होते. सज्जन माणूस, माझ्याच बांध्याचा, माझ्यासारखाच चष्मा. पुढच्या आठवड्यात ते मला शाळेच्या फाटकाशी भेटले.

"कमाल आहे हो," ते म्हणाले. "हल्ली जो भेटतो तो माझ्या पायांची चौकशी करतो!"

मग मीही केली.